माहितीची वास्तुरचना : ग्रंथालयशास्त्राचे नवे कार्यक्षेत्र

संकेतस्थळ उभारणे हे संगणक अभियंत्याचे काम आणि ग्रंथालय सांभाळणे हे ग्रंथपालाचे काम, अशी विभागणी दीर्घकाळ गृहीत धरली गेली. प्रत्यक्षात संकेतस्थळाचा पाया वर्गीकरण, तालिकीकरण, विषयशीर्षके आणि संदर्भसेवा याच चार विद्यांवर उभा असतो. ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी माहितीच्या वास्तुरचनेचा अभ्यास का व कसा करावा, याचे हे विवेचन.

शहरातील एखाद्या वस्तीत राहणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील विधवेला केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतन योजनेची माहिती हवी आहे, अशी कल्पना करू. तिचा शाळकरी मुलगा ती इंटरनेटवर शोधू लागतो. ही माहिती कोणत्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असावी? महिला व बालविकास, की सामाजिक न्याय? प्रत्यक्षात इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना ही राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचा भाग आहे. १९९५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम ग्रामीण विकास मंत्रालयामार्फत राबविला जातो आणि विधवांसाठीची योजना त्यात २००९ मध्ये समाविष्ट झाली. कार्यक्रमाचे लाभार्थी ग्रामीण भागात आहेत तसेच शहरांतही आहेत. परंतु शहरात राहणारा मुलगा ‘ग्रामीण विकास’ या शीर्षकाखाली आपल्या आईची योजना शोधील, अशी अपेक्षा कशी करता येईल? माहिती उपलब्ध आहे, खुली आहे, विनामूल्य आहे. आणि तरीही जिच्यासाठी ती आहे, तिला ती सापडत नाही.

माहिती ‘असणे’ आणि माहिती ‘सापडणे’ यांतील हे अंतर कमी करणारे शास्त्र म्हणजे माहितीची वास्तुरचना, अर्थात इन्फर्मेशन आर्किटेक्चर होय.

शोधण्याची किंमत

अर्थशास्त्रात माहितीला किंमत असते, हा विचार आता रूढ झाला आहे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखवून दिले की, ग्राहकाला योग्य किंमत शोधण्यासाठीही वेळ व श्रम खर्च करावे लागतात आणि या शोधखर्चाचा परिणाम बाजाराच्या वर्तनावर होतो. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. माहिती विपुल झाली की तिच्याकडे द्यावयाचे लक्ष दुर्मीळ होते. म्हणून टंचाई माहितीची नसून अवधानाची असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सार्वजनिक सेवांच्या बाबतीत हा शोधखर्च सर्वांवर सारखा पडत नाही. शिक्षित व सुस्थित नागरिक चार संकेतस्थळे चाळून, दोन दूरध्वनी करून आपले काम करून घेतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला मात्र त्यासाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते किंवा मध्यस्थाला पैसे द्यावे लागतात. कित्येकदा मध्यस्थाची कमाई ही कोणत्याही विशेष कौशल्याची नसून केवळ माहितीच्या अव्यवस्थेची असते. अर्जाचा नमुना कोठे आहे, एवढेच त्याला ठाऊक असते.

या खर्चाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. समजा, एखादे पान वर्षभरात एक लाख लोक पाहतात आणि सुबक मांडणीमुळे प्रत्येकाची केवळ तीन मिनिटे वाचतात. एकूण बचत तीन लाख मिनिटांची, म्हणजे ५,००० तासांची झाली. आठ तासांचा एक दिवस धरल्यास हे ६२५ कामाचे दिवस होतात. मांडणीचा खर्च एकदाच करावा लागतो, तर लाभ प्रत्येक वापरागणिक मिळत राहतो. सार्वजनिक वस्तूचे हे उत्तम उदाहरण ठरेल.

संकल्पनेचा उगम

‘माहितीची वास्तुरचना’ ही शब्दयोजना रूढ करण्याचे श्रेय अमेरिकन वास्तुविशारद रिचर्ड सॉल वर्मन यांना दिले जाते. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेच्या १९७६ च्या परिषदेचा विषय त्यांनी याच संकल्पनेभोवती गुंफला होता. इमारतीचा आराखडा जसा माणसाच्या वावराला वळण देतो, तसाच माहितीचा आराखडा आकलनाला वळण देतो, असा त्यांचा विचार होता. माहितीची मांडणी मूलतः पाचच प्रकारे होऊ शकते, असेही त्यांनी पुढे मांडले. स्थान, वर्णक्रम, काळ, वर्ग आणि श्रेणी किंवा चढती-उतरती भाजणी हे ते पाच प्रकार होत.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी खुले केले आणि संकेतस्थळांची संख्या झपाट्याने वाढू लागली. त्याबरोबर गोंधळही वाढला. त्या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी जे पुस्तक प्रमाणभूत ठरले, ते लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल यांनी १९९८ मध्ये लिहिले. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी बाब म्हणजे हे दोघेही संगणकशास्त्राचे नव्हे, तर मिशिगन विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर होते. नव्या माध्यमासाठी त्यांनी जुन्याच विद्येची साधने वापरली.

रंगनाथन यांचा वारसा

भारतीय विद्यार्थ्याला या विषयाचे प्रवेशद्वार परके वाटण्याचे कारण नाही. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे एका दुकानात मुलांच्या ‘मेकॅनो’ या खेळण्याचे सुटे भाग जोडून वेगवेगळ्या आकृत्या तयार होताना त्यांनी पाहिल्या आणि विषयही असेच सुट्या घटकांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. तिची परिणती १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणात झाली.

मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात विषयांची विभागणी प्रामुख्याने आधीच ठरविलेल्या शाखा-उपशाखांमध्ये केलेली असते. रंगनाथन यांनी याउलट विषयाचे पैलू पाडले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटी त्यांनी मानल्या. ‘भारतातील विद्यापीठ ग्रंथालयांमधील नियतकालिकांचे १९९० च्या दशकातील तालिकीकरण’ हा विषय घेतल्यास त्यात विद्यापीठ ग्रंथालय हे व्यक्तित्व, नियतकालिक हे द्रव्य, तालिकीकरण ही ऊर्जा, भारत हा अवकाश आणि १९९० चे दशक हा काल ठरतो.

कपाटात ग्रंथ एकाच जागी ठेवता येतो, म्हणून या पाच पैलूंना ठरावीक क्रम द्यावा लागे. संकेतस्थळावर हे बंधन उरत नाही. वाचकाने कोणत्याही पैलूपासून आरंभ करावा आणि एकेक अट घालत इष्ट माहितीपर्यंत पोहोचावे. खरेदीच्या संकेतस्थळांवर किंमत, आकार, रंग व उत्पादक यांच्या आधारे वस्तू गाळून घेण्याची जी सोय असते, ती पैलूनिष्ठ वर्गीकरणाचेच उपयोजन आहे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘मायस्कीम’ या शासकीय मंचावर नागरिकाला वय, लिंग, राज्य, सामाजिक प्रवर्ग अशी माहिती विचारून त्याला लागू पडणाऱ्या योजना दाखविल्या जातात. योजना कोणत्या मंत्रालयाची, हे नागरिकाला आधी ठाऊक असण्याची तेथे गरज राहत नाही. आरंभीच्या उदाहरणातील मुलाची अडचण दूर होण्याचा मार्ग हाच आहे.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली पंचसूत्रेही संकेतस्थळाला तंतोतंत लागू पडतात.

१. ग्रंथ उपयोगासाठी असतात, या सूत्रानुसार संकेतस्थळ हे कार्यालयाच्या शोभेसाठी नसून कामासाठी असते. मुखपृष्ठाची मोक्याची जागा छायाचित्रांनी व्यापणे या सूत्राशी विसंगत ठरते.

२. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, या सूत्रात भाषा, अपंगत्व किंवा साध्या मोबाइल संचाचा वापर यांमुळे कोणी वंचित राहू नये, हे अभिप्रेत आहे.

३. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, याचा अर्थ एकही उपयुक्त पान असे नसावे की ज्याकडे कोणताच दुवा जात नाही.

४. वाचकाचा वेळ वाचवावा, हे चौथे सूत्र म्हणजे स्टिगलर यांच्या शोधखर्चाचाच विचार, त्यांच्याही तीस वर्षे आधी मांडलेला.

५. ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, हे पाचवे सूत्र सांगते की आजच्या पन्नास पानांसाठी केलेली रचना उद्याच्या पाच हजार पानांनाही सामावून घेणारी असावी.

रचनेच्या चार प्रणाली

रोझेनफेल्ड व मोरव्हिल यांनी माहितीच्या वास्तुरचनेचे चार घटक सांगितले आहेत. परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असून प्रत्येकाची सांगड ग्रंथालयातील परिचित व्यवहाराशी घालता येते.

संघटन प्रणाली : माहितीचे गट पाडण्याची ही पद्धत आहे. वर्णक्रम, कालक्रम व भौगोलिक क्रम या निश्चित योजना होत. त्यांत कोणती नोंद कोठे असेल, याविषयी मतभेद होत नाही. मात्र वाचकाला नेमके नाव, दिनांक किंवा स्थळ माहीत असावे लागते. विषय, कार्य किंवा वाचकवर्ग यांनुसार केलेली विभागणी ही अनिश्चित योजना होय. ती ठरविणे कठीण असते, परंतु आपल्याला नेमके काय हवे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला तीच उपयोगी पडते. दोन्ही योजना एकाच यादीत मिसळल्यास गोंधळ होतो. ‘विद्यार्थी’, ‘कृषी’, ‘अर्ज करा’ आणि ‘२०२३ ची परिपत्रके’ हे चार पर्याय एका ओळीत मांडले, तर कृषी शिष्यवृत्तीचा अर्ज शोधणाऱ्या विद्यार्थ्याला चारही दारे आपलीच वाटतात.

नामाभिधान प्रणाली : गटाला दिलेले नाव म्हणजे ग्रंथालयातील विषयशीर्षक होय. ‘विविध’, ‘इतर’, ‘महत्त्वाचे’ किंवा ‘संकीर्ण’ ही नावे वाचकाला काहीच सांगत नाहीत.

मार्गनिर्देशन प्रणाली : वाचक कोठे आहे, कोठून आला आणि येथून कोठे जाऊ शकतो, हे ती दर्शविते. पानाच्या माथ्यावर ‘मुखपृष्ठ › वाचकसेवा › आंतरग्रंथालयीन देवघेव’ अशी जी मार्गपट्टी असते, तिचे नाते रंगनाथन यांच्या साखळी निर्देशाशी आहे. कारण दोन्हींत व्यापक विषयापासून विशिष्ट विषयापर्यंतची प्रत्येक कडी दाखविलेली असते. ग्रंथालयात वाचक मुख्य दरवाजाने येतो. संकेतस्थळाचा वाचक मात्र शोधयंत्राच्या द्वारे थेट आतल्या कपाटापाशी उतरतो. म्हणून प्रत्येक पानाने स्वतःची ओळख व पत्ता सांगितला पाहिजे.

शोध प्रणाली : शोधचौकट, तिच्यामागील निर्देश आणि फलितांची मांडणी यांचा यात समावेश होतो. फलित शून्य आले असता वाचकाला पर्यायी शब्द किंवा जवळचा विषय सुचविणे, हे शोध प्रणालीचे कर्तव्य मानले जाते. चांगला संदर्भ ग्रंथपाल ‘नाही’ एवढे उत्तर देऊन थांबत नाही, त्याच नियमाचे हे रूप आहे.

शब्द शासनाचा आणि शब्द नागरिकाचा

नामाभिधानाची अडचण भारतासारख्या बहुभाषिक देशात विशेष तीव्र असते. जमिनीच्या अधिकार अभिलेखाला महाराष्ट्रात सातबारा म्हणतात. गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांच्या क्रमांकांवरून आलेले हे नाव लोकांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यामागील नमुन्यांचे क्रमांक कोणाला आठवतही नाहीत. अशाच स्वरूपाच्या अभिलेखाला उत्तर प्रदेशात खतौनी, हरियाणात जमाबंदी, कर्नाटकात पहाणी, तर तामिळनाडूत पट्टा असे म्हटले जाते. या अभिलेखांच्या तपशिलांत फरक असला, तरी शोधणाऱ्याची गरज एकच असते : जमीन कोणाच्या नावावर आहे?

राष्ट्रीय स्तरावरील संकेतस्थळाने केवळ ‘अधिकार अभिलेख’ हा कायदेशीर शब्द वापरला, तर रूढ शब्दाने शोध घेणारा नागरिक रिकाम्या हाताने परतेल. केवळ ‘सातबारा’ वापरला, तर इतर राज्यांतील नागरिक परततील. ग्रंथालयशास्त्रात यावर उपाय आहे. एक प्रमाण संज्ञा निश्चित करावयाची, तिचे सर्व पर्याय ‘पहा’ या नोंदीने तिच्याशी जोडावयाचे आणि संबंधित संज्ञांसाठी ‘हेही पहा’ अशी नोंद करावयाची. नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात तो हाच. कार्डांच्या तालिकेत वाचकाला ‘पहा’ वाचून दुसऱ्या खणाकडे जावे लागे. संकेतस्थळावर हे काम पडद्याआड आपोआप होते. मात्र संज्ञांचे संबंध कोणीतरी आधी ठरवावे लागतात आणि ते काम यंत्राहून ग्रंथपाल अधिक जबाबदारीने करू शकतो.

देवनागरीची विशेष पथ्ये

मराठी संकेतस्थळ रचणाऱ्याने पुढील बाबी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिली बाब युनिकोडची. पूर्वी अनेक संकेतस्थळांवर मराठी मजकूर खासगी संकेतांच्या फाँटमध्ये दिला जाई. तो पडद्यावर मराठी दिसे. परंतु यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक मालिका असे. त्यामुळे शोधयंत्राला तो वाचता येत नसे. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिल्याने ही अडचण दूर झाली. छापील पानांची केवळ छायाप्रत संकेतस्थळावर ठेवल्यास मात्र तीच अडचण नव्याने निर्माण होते.

दुसरी बाब एकाच दृश्य रूपाच्या दोन संकेतनांची. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिता येते : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराच्या साहाय्याने आणि एकदा साध्या ‘र’ नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु संकेतन वेगळे असल्याने एका रूपाने घेतलेल्या शोधात दुसरे रूप निसटू शकते. म्हणून मजकूर साठविताना तो एकाच प्रमाण रूपात आणावा लागतो.

तिसरी बाब विभक्तीची. मराठीत ‘पाणी’ या शब्दाची ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’ अशी रूपे होतात. म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दच बदलतो. शब्दाचे मूळ रूप ओळखणारी व्यवस्था शोध प्रणालीत नसेल, तर निम्मी माहिती दृष्टिआड राहते.

चौथी बाब वर्णक्रमाची. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’ नंतर येते. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ते ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. केवळ सांकेतिक क्रमांकांनुसार लावलेल्या लेखकसूचीत ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’ च्या आधी येईल, तर मराठी वाचक ते ‘कासार’ नंतर शोधील. यावर उपाय म्हणून भाषानिहाय क्रमनियम उपलब्ध आहेत. ते योजले आहेत की नाही, हे तपासणे एवढेच बाकी राहते.

संकेतस्थळाच्या आराखड्याचे टप्पे

महाविद्यालयीन ग्रंथालयाचे संकेतस्थळ हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरतो. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे आखता येतील.

पहिला टप्पा, मजकुराची मोजदाद. अस्तित्वात असलेल्या प्रत्येक पानाची, परिपत्रकाची व अर्जाची नोंद करावी. ते कोणी लिहिले, अखेरचे कधी सुधारले, त्याची आज गरज आहे काय, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. ग्रंथालयातील संग्रह पडताळणीचेच हे रूप होय.

दुसरा टप्पा, वाचकांचा अभ्यास. देवघेव कक्षावर आठवडाभर विचारल्या गेलेल्या प्रश्नांची नोंदवही ठेवावी. वाचकांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. वाचक प्रथम जे विचारतो ते आणि त्याला प्रत्यक्षात जे हवे असते ते, यांत फरक असतो. हे संदर्भ मुलाखतीचे तत्त्व येथे उपयोगी पडते.

तिसरा टप्पा, कार्डांची वर्गवारी. चाळीस ते साठ विषय प्रत्येकी एका कार्डावर लिहावेत आणि वाचकांना त्यांचे आपल्या मताप्रमाणे गट पाडून त्यांना नावे देण्यास सांगावे. तालिकेच्या खणांतून निवृत्त झालेली साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डे यासाठी पुरेशी आहेत. अनेक वाचकांनी एकत्र ठेवलेली कार्डे संकेतस्थळावरही एकत्र असावीत.

चौथा टप्पा, सांगाडा. रंग व चित्रे यांचा विचार न करता कागदावर पेन्सिलीने संकेतस्थळाचा नकाशा आणि प्रमुख पानांची चौकट आखावी. या टप्प्यावर चूक सुधारण्यास खोडरबर पुरतो. पुढे तीच सुधारणा खर्चिक होते.

पाचवा टप्पा, पानांची निर्मिती. एचटीएमएलद्वारे मजकुराची रचना सांगावी आणि सीएसएसद्वारे त्याचे रूप ठरवावे. शीर्षक हे केवळ ठळक टंकात न लिहिता शीर्षकाच्या खुणेनेच लिहावे, म्हणजे यंत्रालाही ते शीर्षक म्हणून ओळखता येते. प्रत्येक दस्तऐवजाला मेटाडेटा जोडावा. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून आकारास आलेला ‘डब्लिन कोअर’ हा पंधरा घटकांचा संच त्यासाठी सर्वमान्य आहे. तालिका पत्रकावर नोंदी करणाऱ्याला शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक व भाषा हे घटक नवे वाटणार नाहीत.

सहावा टप्पा, चाचणी. वाचकाला एखादे काम सांगावे आणि तो ते कसे पार पाडतो, याचे मूक निरीक्षण करावे. जेकब नील्सन यांनी २००० साली असे मांडले की, पाच वापरकर्त्यांच्या चाचणीतही बहुतांश प्रमुख दोष उघडकीस येतात. वाचक अडखळला, तर दोष वाचकाचा नसून रचनेचा मानावा.

सातवा टप्पा, देखभाल. तुटलेले दुवे व कालबाह्य सूचना नियमितपणे काढाव्यात. रद्द झालेले परिपत्रक नष्ट न करता ते रद्द झाल्याची स्पष्ट नोंद करून अभिलेखात ठेवावे.

कायद्याची चौकट

नागरिकाला माहिती सापडावी, ही आता शासनाची केवळ सदिच्छा राहिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अभिलेखांची तालिका व निर्देश अशा रीतीने राखावयाचे आहेत की, माहितीचा अधिकार बजावणे सुकर होईल. तालिका आणि निर्देश या ग्रंथालयशास्त्राच्या दोन मूलभूत साधनांना संसदेने अशा प्रकारे नागरिकाच्या अधिकाराशी जोडले आहे. याच कलमात सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे आणि माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घेण्याचे बंधन आहे. अभिलेखांची व्यवस्था जितकी चांगली, तितके स्वतंत्र अर्ज करण्याचे प्रसंग कमी येतील, हे उघड आहे.

शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. मजकुराला मान्यता कोणी द्यावी, त्याचे पुनरावलोकन कधी व्हावे आणि जुना मजकूर अभिलेखात कसा जावा, यांविषयी प्रत्येक विभागाचे धोरण असावे, अशी त्यांत अपेक्षा आहे.

सुगम्यतेचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग असून त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात असण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मजकूर जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा व भक्कम असावा लागतो. चित्राला शब्दांत वर्णन जोडणे, अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेत सर्वसाधारण मजकुरासाठी किमान ४.५ : १ हे प्रमाण राखणे आणि माउसविना, केवळ कळफलकाने संपूर्ण संकेतस्थळ वापरता येणे, ही त्याची ठोस रूपे होत.

शोधयंत्रे असताना वर्गीकरण कशासाठी?

शक्तिशाली शोधयंत्रे आणि प्रश्नांना थेट उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध असताना वर्गीकरणाची आवश्यकता काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. नेमक्या नावाची वस्तू शोधणाऱ्याला शोधचौकट पुरते. परंतु शोधासाठी शब्द ठाऊक असावा लागतो. आपल्यासाठी एखादी योजना अस्तित्वात आहे, हेच ज्याला माहीत नाही, तो चौकटीत काय लिहिणार? त्याला विषयांची मांडणी डोळ्यांपुढे असावी लागते. कपाटापुढे उभ्या राहिलेल्या वाचकाला न मागितलेला ग्रंथ सापडावा, तशी.

शिवाय यंत्राचे उत्तर त्याला पुरविलेल्या माहितीइतकेच विश्वसनीय असते. २०१५ चे परिपत्रक २०२१ मध्ये रद्द झाले असेल आणि तशी नोंद दोन्हींपैकी एकाही दस्तऐवजावर नसेल, तर जुनी पात्रता मर्यादा नवी म्हणून सांगितली जाण्याचा धोका संभवतो. दिनांक, स्रोत, वैधता आणि परस्परसंबंध यांच्या नोंदी जितक्या काटेकोर, तितके यंत्रही उपयुक्त. म्हणजे नव्या साधनांमुळे तालिकाकाराचे काम संपत नाही. उलट त्याच्या चुकीची व्याप्ती वाढते.

समारोप

इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह, खरगपूर येथील आयआयटीने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, विद्यापीठांचे संस्थात्मक संग्रह आणि शासनाची सेवा संकेतस्थळे यांमुळे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधराचे कार्यक्षेत्र ग्रंथालयाच्या भिंतींपलीकडे गेले आहे. या क्षेत्रात शिरण्यासाठी त्याने निष्णात आज्ञावलीकार झाले पाहिजे असे नाही. एचटीएमएल व सीएसएसचे मूलभूत ज्ञान, मेटाडेटाची शिस्त आणि वापरकर्त्यांच्या चाचणीचा अनुभव एवढी तयारी आरंभाला पुरेशी आहे. वर्गीकरणाची दृष्टी त्याच्याकडे अभ्यासक्रमातूनच आलेली असते.

परीक्षार्थींनी पंचसूत्रे, पाच मूलभूत कोटी, वास्तुरचनेच्या चार प्रणाली आणि माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ४ यांचा स्वतंत्रपणे नव्हे, तर एकत्रित विचार करावा. या सर्वांची कसोटी शेवटी एकच आहे. विधवा आईसाठी निवृत्तिवेतनाची माहिती शोधणाऱ्या मुलाला, कोणतेही मंत्रालय ठाऊक नसताना, कोणत्याही मध्यस्थाविना आणि त्याच्याच शब्दांत ती माहिती सापडली पाहिजे. ती सापडली, तर ग्रंथपालाने वाचकाचा वेळ वाचविला आणि शासनाने नागरिकाचा अधिकार राखला, असे म्हणता येईल.